रिकामं जातं

माझं नाव श्रीमंत, धंदा मंडपाचा. माकणीत आणि आजूबाजूच्या गावांत लग्न, बारसं, तेरावं, पुढाऱ्याची सभा, जिथं म्हणून माणसं गोळा होतात तिथं कापड माझं, खुर्च्या माझ्या, स्पीकर माझे आणि जनरेटरही माझाच. त्यामुळं गावात कुणालाही काही करून दाखवायची हुक्की आली की ते माणूस आधी श्रीमंत मंडपवाल्याच्या दारात येतं. आणि मी आधी नाही म्हणतो. माणूस करणारं आहे की नुसतं बोलणारं, ते नाही म्हटल्यावर लगेच कळतं. बोलणारं असलं तर चहा पिऊन निघून जातं.

शिवकन्या चहाला हात न लावता बसून राहिली.

ही गावातले बडे बागायतदार आण्णासाहेब यांची पुतणी, धाकट्या भावाची मुलगी. त्या घरात धाकटा भाऊ मान हलवतो आणि शब्द चालतो थोरल्याचा. पोरगी लग्नाचं शूटिंग करते. नवरीच्या खोलीत, हळदीच्या बायकांत पुरुष कॅमेरावाला कुणालाच नको असतो, म्हणून हिला लोहाऱ्यापासून उमरग्यापर्यंत बोलावणं असतं. मी तिला ओळखत होतो ते माझ्या धुतलेल्या खुर्च्यांवर चपलेसकट चढणारी मुलगी म्हणून.

"काका, मला पिच्चर करायचाय," ती म्हणाली. "भुताचा."

"कुणाला भिववणार?"

"गावाला."

"गावाला भिववायला पिच्चर कशाला लागतोय? लोडशेडिंगचं टाइमटेबल लाव की पारावर."

ती हसली नाही. सरळ गोष्टच सांगायला लागली. गावाबाहेर पांढर असते, म्हणजे जुनं गाव जिथं मातीत गाडलं गेलंय ते टेकाड. तिथं एकाला नांगरताना जातं सापडतं. हजारो वर्षांपूर्वीचं, तेरला जसल्या जुन्या वस्तू निघतात तसलं. ते शापित असतं. घरी आणलं की आपोआप फिरायला लागतं, रिकामंच, आणि ते फिरेल तसं घर रिकामं होत जातं. आधी धान्याची कणगी, मग गोठा, मग माणसं.

आता रिकामं जातं फिरवू नये, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रिकामा पाळणा हलवू नये, उगाच कात्री वाजवू नये, आणि रिकामं जातं तर मुळीच फिरवू नये. म्हणजे पोरीनं भूत बाहेरून आणलं नव्हतं, घरातलंच उचललं होतं. मला ते मनापासून आवडलं. पण आवडलं म्हणून त्याच दिवशी हो म्हणणाऱ्यांतला मी नाही. दुसऱ्या दिवशी म्हणालो.

खरी अडचण आण्णासाहेबांची होती. शेत मोठं, पोट मोठं आणि हसू त्याहून मोठं. हा माणूस कुणाला मारत नाही, शिवी देत नाही, नुसता हसतो, आणि ते हसले की पाठोपाठ गाव हसतं. त्यांच्या हसण्यानं या गावात अळंबीची शेती बुडाली, योगाचा वर्ग बुडाला आणि मी हौसेनं आणलेली डीजेची गाडीही बुडाली. तो राग मी अजून गिळलेला नाही.

पोरीनं सिनेमाचं काढलं तेव्हा मी त्यांच्या ओसरीवर होतो. ती सांगत गेली आणि त्यांचं पोट हलत गेलं.

"नाव काय म्हनलीस?"

"दळण."

"मंग बस दळत," ते म्हणाले, आणि डोळ्यांतलं पाणी पुसेपर्यंत हसले. मग म्हणाले, "बरं, आसं करू. येळवशीच्या सनाला समदा गाव हितंच आसतोय. त्या दिवशी सांजच्याला पारापुढं दाखव. गाव भेलं तर तू पुढं पायजे तेवढी पिच्चरं काढ, म्या आडवा येनार न्हाय. पर गाव हासलं तर हे बंद. लग्नाची शूटिंग कर, त्याला माझी ना न्हाय. ह्ये भुताचं खूळ मात्र परत ह्या घरात काढायचं न्हाय."

"चालंल, आण्णा," शिवकन्या म्हणाली.

मला वाटलं, मेली पोरगी. कुणी काय करतंय यावर हसायला टपलेलं हे गाव. वर प्रत्येक माणूस प्रत्येकाला लंगोटापासून ओळखतो. इथं भुताचा वेश घालून कोण उभं राहणार आणि कोण घाबरणार?

उठता उठता तिनं आणखी एक विचारलं. "गोठ्यामागचं जातं घिऊ का? मला जुनंच पायजे."

आण्णासाहेब पहिल्यांदा हसले नाहीत. गोठ्याकडं बघत राहिले. ते जातं मला कळतंय तेव्हापासून तिथं पडलेलं, दोन्ही दगड पालथे घातलेले. कडुनिंबाची पानं पडून पडून त्याच्यावर काळा थर बसला होता. का पालथं, हे कुणी विचारलं नव्हतं. दगडाची चौकशी कोण करतो?

"ने," ते म्हणाले. "पर काम झालं की हाय तिथं ठिव. पालथंच."

शूटिंग त्यांच्याच शेतातल्या कोठ्यावर, म्हणजे गुरं-औजारं ठेवायच्या घरात, सुरू झालं. सिनेमा रात्रीचा, पण रात्री आजूबाजूच्या मोटारी घुमतात, कुत्री ओरडतात, आणि मुख्य म्हणजे आमची नटी दिवस मावळताना मेंढरं वाड्यात घालायला जाते. म्हणून शिवकन्यानं दिवसाच रात्र केली. टरबुजाच्या वाफ्यांवर अंथरतात तो मल्चिंगचा काळा कागद तिनं खिडक्यांना, कौलांच्या फटींना, दाराला ठोकला. बाहेर ऊन रणरणतंय आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. उजेडाला मोटारसायकलचा दिवा, त्याच्यापुढं भोकाभोकांचं टोपलं. कॅमेरा सरकवायला माझी खुर्च्या वाहायची ढकलगाडी. धुराला तेरखेड्याच्या एका फटाकेवाल्याकडून खास नळे करून आणले होते, नुसते धुमसणारे, आवाज न करणारे. मी आयुष्यभर उजेड विकत आलोय. जास्त बल्ब, जास्त शोभा, हा माझा हिशेब. ही पोरगी एकेक दिवा काढून टाकत होती आणि खोली जास्तच भरल्यासारखी दिसत होती. मला राग येत होता आणि बघत राहावंसं वाटत होतं.

नटी म्हणजे हरणाबाई. बिरदेव धनगराची बायको, पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटकुळी, आवाजानं खणखणीत. आमच्या भागात अजूनही लग्नाआधी जात्याची पूजा होते, त्यावर हळद दळतात आणि बायका ओव्या म्हणतात. त्या ओव्यांना हरणाबाईशिवाय रंग नाही, मग लग्न कुणाच्याही घरचं असो. शिवकन्यानं तिचे हात कितीतरी लग्नांत टिपलेले. म्हणायची, "काका, मावशीच्या तोंडाकडं बगू नका, हाताकडं बगा." मी मात्र तोपर्यंत माझे माइक कोण पाडतंय इकडंच बघत आलो होतो.

भुताला गुंडाप्पा. हा गिरणीवाला. अंग आधीच पिठानं पांढरं, मेकअपची गरज नाही, असं माझंच म्हणणं पडलं. त्याला बायकी केसांचा टोप घातला, डोळ्यांत काजळ भरलं, आणि जात्यामागून हळूहळू वर यायला सांगितलं. गुंडाप्पानं जीव तोडून काम केलं. मला तर बरंच भयानक वाटलं.

तेवढा तुकडा जोडून शिवकन्या तो गिरणीतच दाखवायला घेऊन गेली. दळणाला आलेल्या बायका डबे घेऊन बसलेल्या. मोबाइलवर गुंडाप्पा जात्यामागून वर आला, केस तोंडावर, जीभ बाहेर.

"गुंडाप्पा," एक म्हातारी म्हणाली, "माझं दळन सकाळधरनं पडलंय. त्ये कवा देनार?"

गिरणीचा पट्टा निसटला तरी कुणाला कळलं नाही, इतक्या त्या बायका हसल्या. संध्याकाळपर्यंत ते आण्णासाहेबांच्या ओसरीवर पोचलं होतं. मला पारावर हाक मारून म्हणाले, "श्रीमंत, खुर्च्या जास्तीच्या आन. हासताना लोकं पडत्यात खाली."

 येळवस तोंडावर आली होती. दुसऱ्या दिवशी कोठ्यावर आल्यावर शिवकन्या म्हणाली, "आज जात्याचा सीन घिऊ. आवाज साधला तर सगळं साधंल. चेहरा वळखीचा आसतो काका, आवाजाला वळख नसती."

सीन असा होता. घरातली बाई, म्हणजे हरणाबाई, अंगात काही शिरल्यासारखी रात्रभर रिकामं जातं फिरवते. दगडावर दगड. बस, तेवढंच. मी कानाला हेडफोन लावून जात्याच्या बुडाशी माइक ठेवून बसलो. हरणाबाईनं पदर खोचला, पाय पसरला, खुंटा धरला. मोटारसायकलचा उजेड टोपल्यातून तिच्या हातावर पडला आणि खरं सांगतो, त्या हाताच्या शिरा बघून माझ्या अंगावर काटा आला. जातं फिरलं. दगड खवखवला. दोन फेरे झाले असतील, आणि आवाज बसला. मऊ झाला. घरघर, घरघर. पहाटे आई दळायची तसला, झोप आणणारा.

"कट," शिवकन्या म्हणाली. "काका, काय झालं?"

"माइक सरकला आसंल," मी म्हणालो. माझं काही चुकलं की मी आधी माइकवर ढकलतो.

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी दगडाखाली हात घातला तर बोटांना पीठ. कोमट, जोंधळ्याचं.

"हरणाबाई," मी म्हणालो, "जात्यात दानं कुठनं आलं?"

तिनं ओटी झाकली. पण ओटीचा फुगवटा झाकतो होय? पसाभर जोंधळे घेऊन आली होती बाई घरून.

"मावशी," शिवकन्या म्हणाली, "रिकामं फिरवायचंय म्हनून सांगितलं हुतं न्हवं?"

"व्हय की. रिकामंच फिरवीत हुते."

"मंग ह्ये पीठ?"

"म्या कुठं टाकलं? हातानं टाकलं," हरणाबाई म्हणाली, आणि ती थट्टा करत नव्हती. "तू म्हनलीस की म्या ठरविती, आता न्हाय टाकायचं. खुंटा धरला की हात आपला जातोय ओटीत. ऐकतच न्हाय."

ओटी सोडून ठेवायला सांगितली. ठेवली. पुढच्या वेळी डाव्या मुठीत निघाले. त्याच्या पुढच्या वेळी खुंटा धरूनच बसली, फिरवेचना. शिवकन्याचा आवाज चढला. मी तिला लग्नांत कधी चढलेला पाहिला नव्हता, नवरीच्या मामानं कॅमेऱ्यापुढून ताट नेलं तरी.

"मावशी, आवो पिच्चर हाय ह्यो. खरं न्हाय कायबी. तुमी भुतासारखं वरडलात, मेल्याचं सोंग केलंत, तवा काय वाटलं न्हाय. मंग ह्येच का?"

"मरायला सांग, आजून धा येळा मरते," हरणाबाई म्हणाली. "रिकामं जातं न्हाय फिरवायची. ज्येच्या घरचं जातं त्येचं घर रिकामं हुतंय."

"पर घर पिच्चरमधलं हाय."

"घर पिच्चरमधलं आसंल. जातं तुझंच हाय न्हवं, पोरी?"

 मोटारसायकलचं इंजिन चालूच होतं, ते मी उठून बंद केलं. शिवकन्या दाराचा काळा कागद बाजूला करून बाहेर गेली आणि बांधावर जाऊन बसली. मला वाटलं, रडत असेल. मी पाणी घेऊन गेलो. ती रडत नव्हती. आपला उजवा हात मांडीवरून पोटाकडं नेत होती, मूठ वळत होती, परत पुढं आणत होती. हरणाबाईचा हात करून बघत होती.

"काका," ती म्हणाली, "गिरनीतल्या बाया गुंडाप्पाला का हासल्या? कारन भूत त्येंच्या वळखीचं न्हवतं, गुंडाप्पा वळखीचा हुता. आनि मावशी कशाला भ्याली? भूत न्हाय, टोप न्हाय, धूर न्हाय. जोंधळं संपतील म्हनून भ्याली. एवढा वेळ खरं भ्यालेलं मानूस माझ्याम्होरं बसलंय आनि म्या त्येलाच कट म्हनतीय."

त्या दुपारी तिनं सगळं मोडलं. जुळवून आणलेलं सगळं. टोप, काजळ, किंकाळ्या, जात्यामागून वर येणं, धुराचे नळेसुद्धा. माझ्या एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी बांधलेला मंडप वाऱ्यानं पडलेला पाहिलाय, पण कुणी आपल्या हातानं, लग्न तोंडावर आलेलं असताना, उतरवलेला पाहिला नाही. त्यासाठी छाती लागते. त्या पोरीकडं ती होती, हे मी तेव्हाच मान्य केलं, मात्र तोंडानं बोललो नाही.

आत येऊन ती हरणाबाईपुढं बसली. "मावशी, टाका. पायजे तेवढं टाका. म्या आडवनार न्हाय. आता गोष्टच अशी हाय, ह्ये जातं फिरायचं थांबत न्हाय, आनि तुमी त्येला रिकामं राहू देत न्हाय."

"कुठवर?" हरणाबाईनं विचारलं.

"घरात हाय तवर."

हरणाबाईनं जोंधळे जवळ ओढले. मग म्हणाली, "लई वंगाळ गोष्ट हाय ही." आणि खुंटा धरला.

पुढचं शूटिंग मी बघितलं तसं दुसरं काही बघितलं नाही. हरणाबाई अभिनय करते की दळते, ते मला सांगता यायचं नाही. गुंडाप्पाला टोप काढल्याचं वाईट वाटलं होतं. शिवकन्यानं त्याला पोतं उचलून आणणाऱ्या मुलाचं काम दिलं. पोतं उचलण्यात त्याचा हात कोण धरणार? खांद्यावरून पोतं उतरवून तो आईकडं नुसता बघायचा, आणि त्या बघण्यात जे होतं ते कुठल्या टोपात नव्हतं. शेवटच्या सीनला हरणाबाईचा हात धान्याच्या टोपल्यात जातो, तळ चाचपतो, नखं वेतावर घासतात. मग पडदा काळा. तिथून पुढं रिकाम्या जात्याचा आवाज यायला हवा होता, पण तो आमच्याकडं नव्हता. हरणाबाईनं तो दिलाच नाही.

"नसू द्या," शिवकन्या म्हणाली. "आता यील, आता यील आसं वाटलं तरी बास झालं."

मला ते पटलं नाही. भुताच्या सिनेमात शेवटी काहीच नाही? मी म्हटलं, निदान एक किंकाळी टाक. ती नाही म्हणाली. मी वैतागून घरी गेलो.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात चूल पेटत नाही म्हटलं तरी चालेल, सगळे शेतात. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, आणि ओळख असो नसो, रस्त्यानं जाणाऱ्याला हाताला धरून पंगतीत बसवायचं. संध्याकाळी माणसं तट्ट पोटानं गावात परतली आणि पारापुढं बसली. मी पांढरं कापड ताणून बांधलं होतं. खुर्च्या जास्तीच्याच आणल्या होत्या, आण्णासाहेबांच्या हुकुमानं.

हरणाबाईनं ऐनवेळी एक अट घातली. पडद्यापुढं ते जातं मांडायचं आणि त्याची पूजा करायची. "दगडाला चेटकिनीवानी दावलाय आपन. त्येची समजूत काडाय नगं?" तिनं जात्याला हळदकुंकू वाहिलं, शेजारी सुपात जोंधळे ठेवले, पाया पडली आणि बायकांत जाऊन बसली. आण्णासाहेब पहिल्या रांगेत, अगदी जात्यासमोर. जातं बघून म्हणाले, "हिरोइन आली का?" गाव हसलं. शिवकन्या माझ्याशेजारी मंडपाचा बांबू धरून उभी होती. 

सिनेमा सुरू झाला. नाव आलं तेव्हा हसले. गुंडाप्पा पोतं घेऊन आला तेव्हा त्याहून जास्त हसले, मागून कुणीतरी दळणाचा हिशेब विचारला. आण्णासाहेबांचं पोट हलायला लागलं होतं. मी स्पीकरच्या बटणावर हात ठेवून मनातल्या मनात तुळजाभवानीला साकडं घातलं. मी देवाला असं सहसा काही मागत नाही.

मग पडद्यावर जात्याचा खुंटा आपोआप हलला, आणि हरणाबाईनं झटकन एक मूठ त्यात टाकली. बायकांच्या बाजूनं एक बारीक "हां" आला. बरं केलं बाईनं, असा. जातं थांबलं नाही. दुसरी मूठ. तिसरी. ओवी नाही, बोलणं नाही, नुसती घरघर आणि तो हात. माझ्या स्पीकरनं आजवर कसली कसली गाणी ओकली, पण त्या घरघरीनं सगळा पार भरून टाकला. उजाडलं, मावळलं. कणगीतले जोंधळे संपले. तूर संपली. हरभरा संपला. गुंडाप्पा बियाण्याची पिशवी घेऊन आला आणि हरणाबाईनं तिचं तोंड सोडलं, तेव्हा पुरुषांतून कुणीतरी हळूच म्हणालं, "बी नगं, बाई. बी ऱ्हाऊ द्या." त्याला कुणी हसलं नाही.

मी आण्णासाहेबांकडं बघितलं. त्यांचं पोट हलायचं थांबलं होतं.

टोपलं आलं. हात आत गेला. नखं वेतावर घासली. पडदा काळा.

सांगितल्याप्रमाणं मी आवाज बंद केला. अमावस्येचा अंधार, एवढा जमाव, आणि एक लेकरू रडेना. सगळे त्या आवाजाची वाट बघत होते. मीही बघत होतो, जो माझ्याकडं नाही हे मला पक्कं माहीत असताना. तेव्हा मला कळलं की पोरीनं काय करून ठेवलंय. माझ्या मानेवर घाम होता, पौष तोंडावर असताना.

आणि अंधारात आवाज आला. दगडावर दाणे पडल्याचा.

माझा हात स्पीकरवर होता, स्पीकर बंद होता. मी दिवा लावला.

आण्णासाहेब जात्यापुढं गुडघ्यावर बसले होते. टोपी खाली पडलेली. सुपातली मूठ भरून त्यांनी जात्याच्या तोंडात घातली होती आणि हात तसाच उघडा राहिला होता. दोन-चार दाणे अजून तळव्याला चिकटलेले. सगळं गाव त्यांच्याकडं बघत होतं. त्यांना त्याचं भान नव्हतं.

"बहात्तर साली," ते म्हणाले. मोठ्यानं नाही, पण ऐकू गेलं. "बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आईनं ह्येच जातं रिकामं फिरवलं हुतं. आमी लेकरं भुकंनं झोपत न्हवतो. जात्याचा आवाज आला की वाटायचं, भाकरी हुनार. त्या आशेवर डोळा लागायचा. सकाळी उठून बगावं तर पीठ न्हाय. मंग एक दिस आईनंच पालथं घातलं त्ये, आनि परत कवा उलथलं न्हाय." ते थांबले. "धाकटा जन्माला आला न्हवता तवा. त्येला ठाव न्हाय."

धाकटा भाऊ, शिवकन्याचा बाप, माणसांत बसला होता. नेहमी हलणारी त्याची मान हलली नाही.

हरणाबाई उठून आली. जात्यासमोर पाय पसरून बसली आणि तिनं खुंटा धरला. जात्यात घातलेलं तसंच ठेवायचं नसतं. आण्णासाहेबांनीही, काय वाटलं कुणास ठाऊक, वरून खुंट्याला हात लावला. एवढा मोठा बागायतदार आणि ती मेंढरं राखणारी बाई, दोघांनी मिळून ती मूठभर ज्वारी दळली. खालून पांढरं पीठ पडायला लागलं. आण्णासाहेबांनी ते बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं.

"हरणाबाई," ते म्हणाले, अगदी मनातून, तक्रार केल्यासारखं, "तुमी टोपलं रिकामं कसं हू दिलं?"

"म्या न्हाय जी," हरणाबाई म्हणाली आणि बांबूजवळ उभ्या असलेल्या शिवकन्याकडं हात केला. "म्या तर शेवटपातूर टाकीतच हुते. रिकामं केलं ते तुमच्या पुतनीनं."

आण्णासाहेबांनी मान वळवून पुतणीकडं पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, टोपी झटकली, आणि जातं पालथं घालायला मी पुढं झालो तेव्हा त्यांनी मला हातानंच थांबवलं.

"ऱ्हाऊ दे, श्रीमंत," ते म्हणाले. "आता सरळच ऱ्हाऊ दे."